महाड-पोलादपूरचे ऊन आणि हवामानाचे भाकीत

वसंतातील व्याख्याने संध्याकाळीच का ठेवतात, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे : दुपारी श्रोते बसणार नाहीत. चैत्र-वैशाखाच्या ज्या उन्हात मांडवाखाली दोन घटका बसणेही कठीण, त्याच उन्हात वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर, शेताच्या बांधावर आणि कारखान्याच्या पत्र्याखाली माणसे राबत असतात. त्या उन्हाचा, आणि ते आधी सांगू पाहणाऱ्या विद्येचा, इतिहास येथे थोडक्यात मांडावा असा आमचा विचार आहे. महाडचा इतिहास म्हटला की लोकांची नजर प्रथम रायगडाकडे वळते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या डोंगराच्या सावलीत जी हवा तापते तिलाही इतिहास आहे, आणि तो कष्ट करणाऱ्यांच्या अंगावर लिहिला गेला आहे.

इ.स. १८७५ हे साल येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या. पुण्यात न्यायमूर्ती रानडे प्रभृतींनी वसंत व्याख्यानमालेचा उपक्रम सुरू केला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने हवामान खाते स्थापून हेन्री ब्लॅनफर्ड यांना त्याचे प्रमुख नेमले. आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने गिरण्यांतील कामगारांची स्थिती पाहण्यासाठी पहिले फॅक्टरी कमिशन बसविले. व्याख्यान, वेधशाळा आणि कामगार या तिघांची जन्मपत्रिका अशी एकाच सालची. पण पुढे या तिघांची वाट एकमेकांपासून फार दूर गेली. ती कशी, हे पाहिल्याशिवाय आजच्या उन्हाळ्याच्या अंदाजाचे खरे मोल कळणार नाही.

हवामान खाते का निघाले ? १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ कोसळले. त्यानंतर १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला. बंदरातील जहाजे बुडू नयेत आणि शेतसारा बुडू नये, या दोन चिंतांतून हे खाते जन्मास आले. वेध घेणे त्यापूर्वीही चालू होते; मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ सालची. परंतु सबंध देशाची हवा एका कार्यालयातून पाहण्याची पद्धत १८७५ पासूनची. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली आणि पावसाचा अंदाज आधी हवा, ही निकड सरकारास अधिकच भासली. हिमालयावर साचलेल्या बर्फाचा विचार करून ब्लॅनफर्ड यांनी पुढील मोसमी पावसाचे भाकीत बांधले आणि १८८६ पासून ते प्रसिद्ध होऊ लागले. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या समुद्रांवरील हवेच्या दाबाचा आणि आपल्या पावसाचा संबंध शोधला. १९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. १९४४ मध्ये ते दिल्लीस गेले. १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने सोळा घटकांवर आधारलेले पावसाचे भाकीत सुरू झाले आणि ते नाव घरोघर पोचले.

या शंभरांहून अधिक वर्षांच्या हकीकतीत एक गोष्ट डोळ्यांत भरते. भाकीत होते ते पावसाचे आणि वादळाचे. उन्हाचे भाकीत कोणी मागितले नाही आणि म्हणून कोणी केलेही नाही. जहाजाच्या मालकास वादळ कळावयास हवे होते, सरकारास पाऊस कळावयास हवा होता. उन्हाची बातमी ज्याला हवी होती तो मजूर सरकारदरबारी प्रश्न विचारणाऱ्यांपैकी नव्हता. विद्या कोणता प्रश्न हाती घेते हे पुष्कळदा प्रश्न विचारणाऱ्याच्या वजनावर ठरते. यात शास्त्रज्ञांचा दोष आम्ही मानीत नाही.

खेड्यापाड्यांतील जुने भाकीतही असेच पावसाभोवती फिरते. गुढीपाडव्यास पंचांगातील संवत्सरफल वाचले जाते ते पाऊसपाणी आणि धान्य ऐकण्यासाठी. सहदेव-भाडळीच्या नावाने चालत आलेल्या ठोकताळ्यांतही वारा, वीज, ढग आणि नक्षत्रे यांवरून पावसाचाच माग काढलेला आहे. महाड-पोलादपूरकडचा शेतकरी उन्हाळ्यात राब भाजतो, घर शाकारतो, लाकूडफाटा भरून ठेवतो, आगोटीची तयारी करतो. रोहिणी नक्षत्र मेच्या अखेरीस लागते आणि जूनच्या सात-आठ तारखेस मृग. त्यापूर्वी ही सारी कामे उरकावयाची असतात. म्हणजे ज्या दोन-अडीच महिन्यांत ऊन सर्वांत कडक, त्याच महिन्यांत उघड्यावरचे काम सर्वांत अधिक. ऊन टाळता येत नाही म्हणून ते सोसावयाचे, हीच रीत पडली.

आता या दोन तालुक्यांची हवा कशी आहे ते पाहू. रायगड जिल्हा, म्हणजे १९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा, किनाऱ्याचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. परंतु महाड सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी, बाणकोटच्या समुद्रापासून चाळीसएक किलोमीटर आत, डोंगरांच्या कोंडाळ्यात वसले आहे. पोलादपूर त्याहून आत, आंबेनळी घाटाच्या अगदी पायथ्याशी. तेथून घाट चढला की महाबळेश्वर. वर लोक गारवा खाण्यास जातात आणि खाली पोलादपुरात जमीन तव्यासारखी तापते. कोकणी भाषेत गरम पाण्याच्या झऱ्यालाही उन्हाळेच म्हणतात, आणि महाडजवळ सव येथे तशी कुंडेही आहेत. पण वरच्या उन्हाळ्याचे कारण जमिनीच्या पोटात नाही, ते वाऱ्यात आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत कधी कधी देशावरून पूर्वेचे वारे जोराने वाहू लागतात. हे वारे सह्याद्रीचा माथा ओलांडून कोकणात उतरतात. हवा खाली उतरली की तिच्यावरील दाब वाढतो, ती दाबली जाते आणि तापते. कोरड्या हवेच्या बाबतीत हा हिशेब दर शंभर मीटरला सुमारे एक अंश सेल्सिअस असा आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरांहून अधिक उंच आहे. तेव्हा तेथली पंचवीस अंशांची हवा पोलादपूरच्या सपाटीपर्यंत उतरली तर केवळ उतरण्यानेच ती तेरा अंशांनी तापावी. वरून कोणी आग ओतावी लागत नाही.

याला उतारा एकच, आणि तो समुद्राचा. एरवी सकाळ सरता सरता पश्चिमेचा दमट वारा किनाऱ्यावर येतो व पारा थोपवून धरतो. मुंबईत, अलिबागेस, श्रीवर्धनास तो लवकर पोचतो. महाडास उशिरा, आणि पोलादपुरास दमून-भागून. पूर्वेचा वारा जोरात असला की समुद्राचा वारा दुपारचे दोन-तीन वाजेपर्यंत अडून राहतो. तोवर पारा चाळिशीस टेकतो, कधी ती ओलांडतो. कोकणातील ही उष्ण लहर बहुधा दोन-तीन दिवसांची असते. वारा फिरला की पारा उतरतो, पण मग दमटपणा वाढतो आणि उकाडा सुरू होतो. देशावरचा माणूस उन्हाने हैराण होतो, कोकणातला उकाड्याने. महाडकरास एकाच आठवड्यात दोन्ही भोगावे लागतात.

येथे शरीराचाही हिशेब समजून घेतला पाहिजे. माणसाच्या अंगातली उष्णता घाम वाळण्याने बाहेर पडते. हवा दमट असली की घाम येतो खरा, पण वाळत नाही. म्हणून विदर्भातील कोरड्या बेचाळीस अंशांपेक्षा कोकणातले दमट अडतीस अंश पुष्कळदा अधिक घातक ठरतात. मुंबईच्या गिरणीत ज्यांनी साचे चालविले त्यांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. सूत तुटू नये म्हणून विणाई खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवीत असत. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून गिरण्यांत गेलेल्या पिढ्यांनी सुताची ती सोय आपल्या छातीवर सोसली.

भारतीय हवामान विभाग उष्णतेची लाट कशास म्हणतो, तेही सांगितले पाहिजे. सपाटीवरील ठाण्याचे कमाल तापमान निदान ४० अंश, डोंगरी भागात ३० अंश आणि किनारपट्टीवर ३७ अंश झाले, आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वा अधिक वर गेले, तर ती लाट. ६.४ अंशांहून अधिक वर गेले तर ती तीव्र लाट. किनाऱ्यासाठी उंबरठा खाली ठेवला आहे तो दमटपणा ध्यानात घेऊनच. या लाटा काही आजकालच्याच नव्हेत. मुंबईत सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश, आणि १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश तापमान नोंदले गेले. तारखा पाहा : दोन्ही मेपूर्वीच्या. कोकणातील सर्वांत धोक्याचे दिवस मे महिन्यातच असतात असे नाही. मार्चमध्ये, अंगाला उन्हाची सवय होण्यापूर्वीच, ते अवचित येतात. अलीकडे तर ते आणखी अलीकडे सरकू लागले आहेत. देशभराचे सरासरी कमाल तापमान पाहता मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. फेब्रुवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मुंबई, ठाणे आणि रायगडासाठी उष्णतेचा इशारा द्यावा लागला, तेव्हा शिमगासुद्धा आला नव्हता.

आपल्याच जिल्ह्यातले भिरा गाव सर्वांस आठवत असेल. कुंडलिकेच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, टाटांच्या जलविद्युतगृहासाठी प्रसिद्ध असलेले हे ठिकाण. २८ मार्च २०१७ रोजी तेथे ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली आणि भिऱ्याचे नाव देशभर गाजले. हा आकडा खरा की उपकरणाचा वा नोंदीचा घोळ, अशी शंका तज्ज्ञांनी घेतली व वेधशाळेची माणसे तपासणीस गेली. आम्ही त्या आकड्याचा आधार घेत नाही. पण त्या प्रकरणाने एक गोष्ट दाखवून दिली : डोंगराच्या पायथ्याचे ऊन नीट मोजण्याची सोयच इतकी विरळ होती, की एका ठाण्याच्या आकड्यावर सबंध देशाने आश्चर्य करावे आणि शेजारच्या दहा गावांत किती ऊन होते हे ताडून पाहण्यास साधन नसावे.

उन्हाबरोबर पाण्याचा प्रश्न येतो, आणि महाडच्या इतिहासात तो साऱ्या देशाला ठाऊक आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असा तो होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. ती भरविण्यासाठी खपणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे हे याच भागातले तरुण कार्यकर्ते होते. पुढे ते मुंबईच्या कामगार चळवळीत अखेरपर्यंत झटले. शिमग्याचे दिवस होते, ऊन चढू लागले होते. हजारो माणसे पायी चालत आलेली. आणि तळ्याने भरलेल्या या गावात परिषदेच्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी सर्वजण शिस्तीने तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, आणि परतणाऱ्यांवर पुढे हल्ला झाला. नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल मिळेपर्यंत १७ मार्च १९३७ उजाडला.

हा लढा माणुसकीचा होता, केवळ तहानेचा नव्हता, हे बाबासाहेबांनीच स्पष्ट केले होते. आमचे म्हणणे त्याहून लहान आहे, पण त्याच वाटेवरचे आहे. ऊन सर्वांवर सारखे पडते असे आपण म्हणतो. १९२७ च्या मार्चमध्ये महाडात ऊन सर्वांवर सारखेच पडले असेल. पण पाणी आणि सावली सारखी वाटलेली नव्हती. आजही दोन्ही तालुक्यांत पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तो उतारांवरून सावित्रीत आणि सावित्रीतून समुद्रात जातो, आणि एप्रिल-मेमध्ये डोंगरावरच्या वाड्या टँकरची वाट पाहतात. त्याच मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी सुट्टीला गावी येतात आणि आटलेल्या विहिरीवर रांग लांबते. हंडा घेऊन उतार उतरणाऱ्या बाईला वेधशाळेने कोणत्या रंगाचा इशारा दिला आहे, हे विचारण्यास कोणी जात नाही.

आता कामगाराकडे वळू. १८७५ च्या फॅक्टरी कमिशनातील बहुतेक सदस्यांस कायद्याची गरज वाटली नाही. १८८१ साली पहिला कायदा झाला, पण तो मुलांपुरता. प्रौढ कामगारास त्यात आधार नव्हता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सादर केला. त्या मागण्यांत रविवारची सुट्टी होती, आणि दुपारी अर्धा तास विसावाही होता. लोखंडे यांच्या हाती तापमापक नव्हता, पण माणसाला दुपारी किती सोसते हे त्यांस ठाऊक होते. रविवारची सुट्टी मिळण्यास १८९० उजाडावे लागले. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने कायदा झाला. अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी थंड करून देण्याची सोय असावी, असे त्याच्या १८ व्या कलमात लिहिले होते. कामगारांच्या दृष्टीने हे एक वाक्य सोन्याचे होते. पण अडीचशेच्या आतील कारखान्याचे काय, आणि ज्याला कारखान्याचे छप्परच नाही त्याचे काय ? २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता अमलात आली आणि तो कायदा मागे पडला. संहिता नवी आहे. पण तिच्याकडे विचारावयाचा प्रश्न जुनाच आहे.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. तेथे बाहेरच्या उन्हात भट्टीची आणि वाफेची भर पडते. अंगावर संरक्षक पोशाख, तोंडावर मुखवटा. कायम कामगारास निदान कँटीन आणि पाण्याची टाकी असते. कंत्राटी कामगारास तेही मिळेलच असे नाही. वीटभट्टीवरील कातकरी कुटुंबाची मजुरी हजार विटांमागे ठरते. उक्त्या कामाचा हिशेब असा, की दुपारी दोन तास सावलीला बसले तर तेवढ्या विटा कमी आणि तेवढा पैसाही कमी. त्याला 'दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका' असे सांगणे म्हणजे 'जेवू नका' असे सांगण्यासारखे आहे. आमच्या इतक्या वर्षांच्या संघटनेच्या कामात ऊन लागल्याने घरी परतलेला मजूर 'आजारी' म्हणून लिहिला गेल्याचे पाहिले आहे, 'गैरहजर' म्हणूनही पाहिले आहे. 'उन्हाने' म्हणून लिहिलेला क्वचितच.

पावसाच्या संकटाची तशी गोष्ट नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर डोंगर आला. त्या दिवसांचा आक्रोश या तालुक्यात अजून विरलेला नाही, आणि पावसाचा लाल इशारा आला की आज लोक घरे सोडतात. ऊन मात्र एकेकट्याला, गाजावाजा न करता गाठते. फार मोठी माणसे एकदम पडली तरच त्याची दखल घेतली जाते. १९९८ साली ओडिशात दोन हजारांहून अधिक लोक उष्माघाताने गेले. मे २०१० मध्ये अहमदाबादेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासकांनी दाखविले, आणि त्यातून २०१३ साली त्या शहराने उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला. आपल्याच जिल्ह्यात, १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या उघड्यावरील सोहळ्यानंतर १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी पारा अडतिसाच्या आसपास होता, बेचाळीसवर नव्हता. दमट अडतीस अंश काय करतात हे आम्ही वर सांगितले, त्याचा याहून दुःखद पुरावा नको.

आता विद्या मागे नाही. हवामान विभाग २०१६ पासून उन्हाळ्याच्या संपूर्ण हंगामाचा अंदाज देतो, दर गुरुवारी पुढील काही आठवड्यांचा, रोज पुढील काही दिवसांचा; हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत जिल्ह्याजिल्ह्याचा इशारा देतो. राज्यात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. २४ ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीच्या पातळीवरचा अंदाजही देण्यास आरंभ झाला. जिल्हा एक धरला तर अलिबागचा किनारा आणि पोलादपूरचा पायथा एकाच रंगात रंगतात. गावाचा अंदाज मिळू लागला, तर ही अडचण पुष्कळ कमी होईल. १८७५ मध्ये ज्याने प्रश्नच विचारला नव्हता, त्याला दीडशे वर्षांनी उत्तर मिळू लागले आहे, ही आनंदाची गोष्ट होय.

परंतु अंदाज कळणे आणि त्याप्रमाणे वागता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वादळाचा बावटा बंदरावर चढला की कप्तान जहाज थांबवू शकतो, कारण तो अधिकार त्याच्याकडे असतो. उन्हाचा इशारा मुकादमाच्या खिशातल्या दूरध्वनीवर येतो, मजुराच्याही येतो. पण काम थांबविण्याचा अधिकार दोघांकडेही नसतो. तो ठेकेदाराकडे असतो, आणि ठेकेदाराचा हिशेब तारखेचा असतो. म्हणून आमचे मागणे वेधशाळेपाशी थोडे आणि समाजापाशी अधिक आहे. प्रत्येक कारखान्याच्या दारावर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर गावाचा अंदाज रोज सकाळी मराठीत लिहावा. कामाच्या जागी कोरडा आणि ओला असे दोन्ही तापमापक टांगावेत, म्हणजे दमटपणाचा वाद उरणार नाही. नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी उघड्यावरचे काम पहाटे लवकर सुरू करून दुपारी थांबवावे, आणि त्या सुट्टीची मजुरी कापू नये. उक्त्या कामात तिचा दर आधीच धरावा. पाणी आणि सावली कामगारांची संख्या न पाहता द्यावी. ऊन लागून पडलेल्याच्या नोंदीत 'ऊन' हा शब्द लिहावा.

यातली एकही मागणी अवघड यंत्राची वा मोठ्या खर्चाची नाही. दुपारचा अर्धा तास मागणाऱ्या लोखंड्यांच्या काळी गिरणीमालकांस तोही अशक्य वाटला होता. चवदार तळ्याचा ठराव १९२४ चा आणि न्यायालयाचा निकाल १९३७ चा. मधली तेरा वर्षे माणसांनी ती लढून काढली. ठराव आणि अंदाज हे दोन्ही कागदावर बरोबर असू शकतात. ते खरे ठरतात ते ज्याच्यासाठी लिहिले त्याच्या हाती पोचल्यावर. येत्या मार्चमध्ये पूर्वेचा वारा सुटेल तेव्हा वेधशाळा ते दोन दिवस आधी सांगेल, याबद्दल आम्हांस फारशी शंका नाही. त्या दोन दिवसांत महाड-पोलादपुरात कोणाचे काम थांबते आणि कोणाचे चालू राहते, एवढे मात्र आपण सर्वांनी मिळून पाहावे.